जुन्या स्पोर्ट्स मोटारींचा जीर्णोद्धार आणि नवरचना : ‘मूळ’ ह्या कल्पनेचा एक विचार

इ. स. १९९० च्या जुलै महिन्यात लंडनच्या उच्च न्यायालयाने एका विलक्षण वादाचा निकाल दिला. साठ वर्षांपूर्वी शर्यत जिंकलेली एक मोटार आज तीच मोटार राहिली आहे काय, असा तो वाद होता. बेंटली कंपनीची ‘स्पीड सिक्स’ जातीची ही मोटार ‘ओल्ड नंबर वन’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. पुढे शर्यतींच्या गरजेप्रमाणे तिच्यात बदल होत गेले. १९३२ मध्ये तिला आठ लिटरांचे मोठे इंजिन बसविण्यात आले आणि त्याच वर्षी ब्रुकलंड्स येथील ५०० मैलांच्या शर्यतीत तिला भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. मोडतोडीतून ती पुन्हा उभारली गेली ती बंद टपाची प्रवासी मोटार म्हणून. आणि त्यानंतर पुष्कळ वर्षांनी तिला पुन्हा शर्यतीच्या उघड्या मोटारीचे रूप देण्यात आले. अशी ही मोटार फार मोठ्या किमतीस विकत घेण्याचा करार एका कंपनीने केला. परंतु मागाहून ‘ही ती मोटारच नव्हे’ असे म्हणून तिने पैसे देण्याचे नाकारले.

न्यायमूर्ती ऑटन यांनी मोटारीच्या एकेका भागाचा इतिहास तपासला. १९२९ च्या मोटारीतील जवळजवळ काहीच शिल्लक नव्हते. १९३० च्या मोटारीतील काही थोडे भाग तेवढे उरले होते. तथापि त्यांचा निर्णय विक्रेत्याच्या बाजूने झाला. ही मोटार संपली आणि तिच्या जागी दुसरी आली, असा क्षण तिच्या इतिहासात दाखविता येत नाही. प्रत्येक बदल चालत्या, जिवंत मोटारीवर झालेला आहे. आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी मोटार जगात नाही. सबब ‘ओल्ड नंबर वन’ ती हीच, असे न्यायालयाने ठरविले.

ह्या निकालाचे महत्त्व एका खरेदीच्या भांडणापुरते नाही. वस्तूचे तेच-पण कशात असते, ह्या प्रश्नाला सामान्यतः तीन उत्तरे दिली जातात. पहिले, ते द्रव्यात असते. म्हणजे मूळ लोखंड, मूळ लाकूड, मूळ कातडे ह्यांत असते. दुसरे, ते आकृतीत असते. तिसरे, ते अखंड परंपरेत असते. न्यायालयाने तिसऱ्या उत्तराचा आश्रय केला. मोटारींचा जीर्णोद्धार करणारा कारागीर असल्या तात्त्विक चर्चेत पडत नाही. परंतु गंजलेला पत्रा कापून टाकावयाचा की ठिगळ लावून राखावयाचा, हे ठरविताना तो ह्या तिन्हींपैकी एका उत्तराच्या बाजूने कौल देतच असतो. गेल्या काही दशकांत हे काम हौशी मंडळींच्या गॅरेजांतून बाहेर पडून एक मोठा, खर्चिक आणि शास्त्रशुद्ध व्यवसाय झाले आहे. शिवाय त्यातून एक नवीच शाखा फुटली आहे. जुन्या मोटारीला तिचे जुने रूप परत न देता, ती आज घडविली असती तर कशी घडविली असती, अशा कल्पनेने तिची पुनर्घटना करणारी ही शाखा होय. तिला येथे ‘नवरचना’ असे म्हटले आहे.

वाद मात्र नवा नाही. मोटारीचा जन्म होण्यापूर्वीच तो इमारतींच्या संदर्भात रंगला होता. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक याने कार्कासोनचा कोट व पिएरफोंचा किल्ला ह्यांचा जीर्णोद्धार केला. इमारतीला पूर्णत्व देणे म्हणजे जीर्णोद्धार, मग ते पूर्णत्व तिला पूर्वी कधी प्रत्यक्षात लाभलेले नसले तरी चालेल, अशी त्याची भूमिका होती. इंग्लंडमध्ये रस्किनने १८४९ मध्येच ह्याच्या नेमके उलट मत मांडले होते. जीर्णोद्धार हा वास्तूचा सर्वांत संपूर्ण नाश होय, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडील परंपरा ह्या दोहोंहून निराळी आहे. वेरूळच्या घृष्णेश्वराचे आजचे मंदिर अठराव्या शतकात अहल्याबाई होळकरांनी बांधविले. पण त्याला कोणी ‘नवे मंदिर’ म्हणत नाही. स्थान आणि पूजा अखंड राहिली, मग दगड बदलले तरी देवस्थान तेच. न्यायमूर्ती ऑटन यांचा निकाल एखाद्या स्थपतीला ऐकविला असता, तर त्याला त्यात नवल वाटले नसते.

जीर्णोद्धारात प्रत्यक्ष काय घडते हे समजण्यासाठी एकच उदाहरण सविस्तर पाहणे बरे. १९६१ च्या मार्चमध्ये जिनीव्हा येथील प्रदर्शनात जॅग्वार कंपनीने आपली ‘ई-टाइप’ ही मोटार पुढे आणली. तिची आकृती माल्कम सेयर याची. तो मूळचा विमानाच्या कारखान्यातला, आणि हवेच्या प्रवाहाचे गणित मांडून पत्र्याच्या वक्ररेषा ठरविणारा. मोटारीचा मधला भाग म्हणजे पोलादी पत्र्यांची एक पेटीच आहे. तिला निराळी चासी नाही. पुढे इंजिन धरणारा चौकोनी नळ्यांचा सांगाडा ह्या पेटीला बोल्टांनी जोडलेला असतो, आणि सबंध नाक व्यापणारे लांबलचक बॉनेट पुढील बाजूस बिजागरीवर उघडते. मोठे साचे बनविण्याचा खर्च टाळण्यासाठी कंपनीने ही काया अनेक लहान लहान पत्रे एकमेकांना जोडून तयार केली आणि दिसणारे सांधे शिशाने भरून, घासून एकसारखे केले. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेली प्रत्येक ई-टाइप ही काही अंशी हाताने घडविलेली वस्तू होती, आणि कोणत्याही दोन मोटारी अगदी तंतोतंत सारख्या नव्हत्या.

अशा मोटारीचा सर्वांत मोठा शत्रू गंज. तो दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत आधी शिरतो, आणि वेगळी चासी नसल्यामुळे मोटारीचे बळ मुख्यतः ह्याच पट्ट्यांत असते. त्या तशाच कापून काढल्या तर मधली पेटी खाली झुकते, दारांच्या चौकटी वाकड्या होतात, आणि मग नवी पट्टी कितीही कौशल्याने बसविली तरी दार पुन्हा नीट मिटत नाही. म्हणून जाणता कारागीर कापण्यापूर्वी दारांच्या मोकळ्या चौकटींत आडवे लोखंडी टेकू बसवितो, मोटारीची मापे कित्येक बिंदूंवर टिपून ठेवतो, आणि एका वेळी एकाच बाजूचे काम हाती घेतो. पत्र्याला दुहेरी वळण देण्यासाठी तो दोन चाकांमध्ये पुन्हा पुन्हा फिरविण्याची जुनी रीत अजूनही रूढ आहे. हातोडी आणि वाळूची पिशवी हीही गेलेली नाहीत. यंत्राने मापे घेता येतात, परंतु वळलेल्या पत्र्यावर तळहात फिरवून उंचवटा ओळखण्याचे काम अजून यंत्राकडे सोपविलेले नाही.

येथपर्यंत सर्व ठीक. अडचण ह्यापुढे सुरू होते. १९६१ साली कारखान्यातून निघालेल्या ई-टाइपमध्ये दार आणि मडगार्ड यांमधील फट सर्वत्र सारखी नसे. शिसे भरलेले सांधे आतल्या बाजूने खडबडीत असत. रंगात आजच्यासारखी आरशाची चमक नसे. आजचा कारागीर ह्या सर्व उणिवा दूर करू शकतो, आणि पैसे मोजणारा मालक त्या दूर व्हाव्यात अशी अपेक्षा करतो. परिणामी जीर्णोद्धार झालेली मोटार नव्या मोटारीहूनही ‘नवी’ होते. कोव्हेंट्रीच्या कामगाराने घाईत मारलेल्या घासणीच्या रेघा, तपासनिसाने खडूने केलेली खूण, रंगाखालचे अस्तराचे थर, हे सारे वाळूच्या माऱ्याने साफ होते. वस्तू सुंदर होते; पण एका कारखान्यात काम कसे चालत असे ह्याचा जो पुरावा तिच्या अंगावर होता, तो कायमचा जातो. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ही हानी लहान नाही. कागदपत्रांत जे नोंदले गेले नाही ते बहुधा वस्तूवरच लिहिलेले असते.

मोटारींच्या जगाला हे उशिरा उमगले, पण उमगले. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे दरवर्षी भरणाऱ्या प्रतिष्ठित स्पर्धेत दीर्घकाळ झगझगीत जीर्णोद्धारालाच मान होता. पुढे तेथे, हात न लावता राखलेल्या मोटारींसाठी स्वतंत्र वर्ग आला. आणि २०२४ साली सर्वश्रेष्ठतेचा मान १९३४ सालच्या एका बुगाटीला मिळाला. ही ‘टाइप ५९’ मोटार बेल्जमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे होती, त्यांच्या काळातील काळा रंग तिच्यावर झिजलेल्या स्थितीत तसाच आहे, आणि जीर्णोद्धार न झालेल्या मोटारीला तेथे हा सर्वोच्च मान मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. झीज हा दोष नसून दस्तऐवज आहे, हे परीक्षकांनी मान्य केले असा ह्याचा अर्थ होतो.

आता नवरचनेकडे वळावे. तिच्या पायऱ्या अनेक आहेत. सर्वांत खालची पायरी म्हणजे चालविण्याची सोय. सुरुवातीच्या ई-टाइपच्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर टाकताना दात कुरकुरत, ब्रेक वेगाच्या मानाने दुबळे होते, आणि रहदारीत इंजिन तापत असे. ह्यांपैकी काही दोष कंपनीने स्वतःच १९६४ मध्ये ४.२ लिटरांचे इंजिन व नवा गिअरबॉक्स आणून दूर केले. तेव्हा आजच्या मालकाने पाच गिअरांची पेटी किंवा मोठा रेडिएटर बसविला, तर तो कंपनीचीच वाट थोडी पुढे चालतो असे म्हणता येईल. जुने भाग जपून ठेवले तर हा बदल उलटविताही येतो. ह्याच्या वरच्या पायरीवर इंग्लंडमधील ‘ईगल’ ह्या कार्यशाळेचे काम येते. ती ई-टाइपचाच व्यवसाय करते. तिच्या ‘स्पीडस्टर’ नावाच्या मोटारीत काचेची चौकट ठेंगणी केली आहे, काया अॅल्युमिनियमची आहे आणि इंजिन वाढवून ४.७ लिटरांचे केले आहे. ही ई-टाइप सेयरने काढलेली नाही. परंतु त्याच्या रेषांचा अर्थ समजून घेऊन एका वेगळ्या हाताने केलेले ते भाष्य आहे, आणि भाष्य म्हणून ते सरस उतरले आहे.

सर्वांत वरची पायरी, आणि ह्या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण, पोर्शे ९११ चे होय. ही मोटार १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ‘९०१’ ह्या क्रमांकाने आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे तो क्रमांक ९११ करावा लागला. मागच्या आसाच्याही मागे ठेवलेले, समोरासमोर तीन-तीन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे इंजिन हे तिचे वैशिष्ट्य. ही पद्धत १९९८ पर्यंत टिकली. बाह्य रूप फारसे न बदलता आतून मोटार बदलत गेली, हे ह्या जातीचे आणखी एक वैशिष्ट्य. १९८९ ते १९९४ ह्या काळात निघालेल्या पिढीला कारखान्यातील सांकेतिक क्रमांकावरून ‘९६४’ म्हणतात. तिच्यात पिळाच्या दांड्यांऐवजी वेटोळ्या स्प्रिंगा आल्या, ३.६ लिटरांचे इंजिन आले, स्टिअरिंगला यांत्रिक मदत आली. पुढे बरीच वर्षे ही पिढी काहीशी उपेक्षितच राहिली. जुन्या मोटारींचा डौल तिच्यात नाही आणि नंतरच्यांची सफाईही नाही, असे रसिकांचे मत होते.

नेमक्या ह्याच पिढीवर कॅलिफोर्नियातील ‘सिंगर’ ह्या संस्थेने आपले काम उभारले. तिची स्थापना २००९ साली रॉब डिकिन्सन यांनी केली. ते पूर्वी मोटारींचे आरेखक होते आणि मधल्या काळात एका संगीतवृंदाचे गायकही होते. ग्राहकाने आणलेली ९६४ पूर्णपणे सोडविली जाते. केवळ पोलादी पेटी उरते. ती साफ करून, ठिकठिकाणी बळकट केली जाते. दारे सोडून बहुतेक बाह्य पत्रे काढून त्यांच्या जागी कार्बन-तंतूंचे भाग बसतात. ह्या भागांची आकृती मात्र ९६४ ची नसते. ती साठीच्या अखेरीच्या व सत्तरीच्या आरंभीच्या ९११ ची आठवण करून देणारी असते. म्हणजे बॉनेट लांब, बंपर बारीक आणि मडगार्ड रुंद. इंजिन उघडून नव्याने जुळविले जाते आणि चार लिटरांपर्यंत वाढविले जाते. आसनांचे विणलेले कातडे, तबकड्यांचे काटे, खिडकीच्या मुठी, हे सर्व ग्राहकाशी चर्चा करून ठरते. शिंप्याकडे माप द्यावे त्याप्रमाणे. अशा प्रत्येक मोटारीला हजारो तासांचे श्रम लागतात, आणि किंमत लाखो डॉलरांच्या घरात जाते.

ह्या मोटारीत तीन काळ एकत्र नांदतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हाडे १९९० च्या सुमाराची, चेहरा १९७० च्या सुमाराचा, आणि स्नायू आजचे. अशी मोटार श्टुटगार्टच्या कारखान्यातून कधीही बाहेर पडलेली नाही. व्हिओले-ल-द्यूकच्या भाषेत बोलावयाचे तर हे ते पूर्णत्व, जे कधी अस्तित्वात नव्हते. लोकांच्या स्मृतीत जी ९११ आहे ती प्रत्यक्षातल्या कोणत्याही एका ९११ हून अधिक सुंदर, अधिक वेगवान आणि अधिक निर्दोष असते. नवरचनाकार त्या स्मृतीलाच आकार देतो. पुढे ह्याच संस्थेने विल्यम्स ह्या शर्यतींच्या क्षेत्रातील नामांकित अभियांत्रिकी शाखेच्या साह्याने ७५ मोटारींची एक अधिक प्रगत मालिका हाती घेतली. तिच्यातील चार लिटरांचे हवेने थंड होणारे इंजिन सुमारे ५०० अश्वशक्ती देते. पहिल्या ९११ ची शक्ती १३० अश्वशक्ती होती. ह्या इंजिनासाठी सल्लागार म्हणून हान्स मेट्सगर यांना पाचारण करण्यात आले. साठीच्या दशकात पहिल्या ९११ चे इंजिन ज्यांच्या हातून सिद्ध झाले, तेच हे अभियंते. २०२० साली ते वारले. अर्धशतकाने स्वतःच्याच कृतीवर पुन्हा हात फिरविण्याचा योग थोड्याच कारागिरांच्या वाट्याला येतो.

सिंगर आपल्या कृतीला नवी पोर्शे म्हणत नाही, की स्वतःची मोटारही म्हणत नाही. ‘सिंगरने नव्याने कल्पिलेली पोर्शे ९११’ अशी तिची शब्दयोजना असते. तिच्यामागे व्यापारचिन्हाच्या कायद्याची सावधगिरी आहेच. परंतु ती योजना प्रामाणिकही आहे. फसवणूक तेथे होते जेथे नवे काम जुन्याचे नाव गुपचूप घेते. जेथे एका कुजलेल्या मोटारीचा क्रमांक तेवढा घेऊन बाकी सर्व नवे उभारले जाते आणि ते ‘मूळ’ म्हणून विकले जाते. नवरचना उघडपणे केलेली असते, म्हणून तिच्यावर खोटेपणाचा आरोप टिकत नाही. तिच्यावरील खरा आक्षेप निराळा आहे. प्रत्येक नवरचनेसाठी एक मूळ मोटार खर्ची पडते. ९६४ ह्या पिढीच्या साठ हजारांहून अधिक मोटारी निघाल्या, त्यामुळे हा तोटा आज जाणवत नाही. परंतु पत्रे काढून टाकलेली, पेटी बळकट केलेली मोटार पुन्हा ९६४ होऊ शकत नाही. आज जी उपेक्षित पिढी आहे तिलाच उद्याचे अभ्यासक शोधत येतात, हा अनुभव हस्तलिखितांपासून जुन्या वाड्यांपर्यंत सर्वत्र आलेला आहे.

मूळ कारखान्यांनीही ह्या व्यवसायात उडी घेतली आहे, आणि त्यांचा मार्ग आणखी वेगळा आहे. १९६३ साली जॅग्वारने शर्यतीसाठी हलक्या ई-टाइप मोटारी बनविण्याचे ठरवून अठरा क्रमांक राखून ठेवले होते. प्रत्यक्षात बाराच मोटारी झाल्या. उरलेले सहा क्रमांक २०१४ मध्ये वापरले गेले. कंपनीने जुन्या मोटारीची अंकीय मापे घेऊन सहा नव्या मोटारी घडविल्या. १९५७ च्या फेब्रुवारीत कारखान्याला आग लागून ‘एक्सकेएसएस’ जातीच्या नऊ मोटारींचा नाश झाला होता. २०१६ मध्ये त्या नऊ पुन्हा बनविण्याची घोषणा झाली. २००८ मध्ये ही कंपनी मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या टाटा मोटर्सने विकत घेतली होती. तेव्हा ह्या ‘राहून गेलेल्या’ मोटारी भारतीय मालकीखाली जन्मल्या, ही गोष्ट सहज नोंदविण्याजोगी. बेंटलीने तर आपल्या जुन्या ‘ब्लोअर’ मोटारीचा एकूण एक भाग सोडवून, मोजून, तिच्या बारा प्रतिकृती सिद्ध केल्या. येथे न द्रव्य जुने, न परंपरा अखंड. जुनी आहे ती केवळ आकृती, आणि ती घडविण्याचा कंपनीचा वारसाहक्क. ‘ओल्ड नंबर वन’च्या निकालातील कसोटी लावली तर ह्या मोटारी नव्याच ठरतात, मग त्यांच्यावर कितीही जुने क्रमांक कोरलेले असोत.

आकृतीचा हक्क कोणाचा, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला आहे. फेरारीच्या ‘२५० जीटीओ’ ह्या मोटारीचे रूप ही संरक्षणास पात्र अशी कलाकृती आहे, असे इटलीतील बोलोन्याच्या न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवून प्रतिकृती काढणाऱ्यांना मनाई केली.

कायद्याचे लक्ष मात्र बहुधा ह्या कलात्मक प्रश्नांकडे नसून नोंदणीकडे असते. ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्याने पुष्कळ वर्षे एक गुणपद्धती वापरली. फेरफार केलेल्या मोटारीला जुना क्रमांक राखावयाचा असेल तर आठ गुण आवश्यक असत : मूळ चासीला किंवा मूळ पेटीला पाच, स्प्रिंगांची योजना, आस, गिअरबॉक्स व स्टिअरिंग ह्यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला केवळ एक. रसिकांच्या बाजारात मूळ क्रमांकाचे इंजिन असलेली आणि नसलेली मोटार ह्यांच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक पडतो. सरकारच्या लेखी मात्र इंजिन हा सर्वांत क्षुल्लक भाग ठरला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हे नियम बरेच सैल करण्यात आले. मोठे बदल झालेल्या मोटारीलाही, ते कळविल्यास, आपली मूळ ओळख राखता येते. म्हणजे कायदाही हळूहळू अखंड परंपरेच्या कसोटीकडे सरकत आहे.

जुन्या वाहनांच्या संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ‘फिव्हा’ने, २०१२ मध्ये ‘तुरिनची सनद’ संमत केली. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या जतनाविषयी जी तत्त्वे घालून दिली, तीच येथे मोटारींना लावली आहेत. जतन आधी, जीर्णोद्धार नंतर; सुरक्षिततेसाठी वा वापरासाठी बदल करावाच लागला तर तो डोळ्यांत न भरणारा आणि उलटविता येण्याजोगा असावा; काढलेले महत्त्वाचे मूळ भाग मोटारीसोबत ठेवावेत; आणि प्रत्येक टप्प्याची नोंद करावी. उलटविता येण्याच्या अटीचे मोल महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर १९२० नंतरच्या काही वर्षांत निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सद्‌हेतूने रोगण चढविले. ते पुढे पिवळे पडून चित्रांना झाकोळून राहिले, आणि ते उतरविण्याचे काम पुढील पिढ्यांच्या माथी आले.

भारतात ह्या विषयाला २०२१ पासून नियमांचे रूप आले आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठेवण्यात आले. व्यापारी अथवा नित्य वापरास बंदी आहे. मुख्य अट अशी की वाहन मूळ रूपात राखलेले असावे, आणि त्याची चासी, काया किंवा इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ह्या अटीखाली सिंगरसारखी नवरचना आपोआपच बाहेर पडते, आणि तसे होणे योग्यही आहे. तिला वारसावस्तू म्हणून सवलत मागण्याचे कारण नाही.

परंतु ह्याच अटीत आपल्याकडील मोटारींचा एक मोठा वर्ग अडचणीत येतो. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे परदेशी मोटारींचे सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. मुंबई, पुणे, कोल्हापूर यांसारख्या शहरांतील मिस्त्रींनी मग जे हाती लागेल त्याने काम भागविले. कोठे अँबॅसडरचे इंजिन बसले, कोठे जीपचा गिअरबॉक्स. कोठे लेथवर घडविलेला दट्ट्या, तर कोठे भंगारबाजारातून आणलेला कार्ब्युरेटर. सौंदर्यदृष्टीने ही नवरचना नव्हे. ती गरजेपोटी झाली. तथापि ती मोटार त्यामुळेच रस्त्यावर राहिली, आणि टंचाईच्या त्या कालखंडाचा ती बोलका पुरावा आहे. द्रव्याची कसोटी लावली तर ती अपात्र ठरते. परंपरेची लावली तर तिच्याइतकी पात्र दुसरी नाही. आज असे परके इंजिन काढून परदेशातून ‘योग्य’ इंजिन आणविण्याची हौस वाढत आहे, आणि काढलेले इंजिन बहुधा भंगारात जाते. ते केव्हा, कोणत्या कार्यशाळेत आणि कोणत्या अडचणीपोटी बसविले गेले, ह्याची नोंद नोंदणीपुस्तकात क्वचितच आढळते. ती आढळते त्या मिस्त्रींच्या स्मरणात, आणि त्यांच्यापैकी बरेच आता हयात नाहीत.